शंभर टक्क्यांचं पत्र आल्यावर: अमेरिकी सैनिकाच्या मुलांची सरकारी कॉलेजची फी

प्रश्न थोडक्यात असा: कुटुंब सॅन डिएगोत राहतं. यजमान ह्यूस्टनमधून अमेरिकी नौदलात भरती झाले आणि २०२१ मध्ये बाहेर पडले. आधी व्हीएचं (अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचं) अपंगत्वाचं रेटिंग ७० टक्के होतं, २०२४ मध्ये ते १०० टक्के झालं आणि अपंगत्व कायमचं असल्याचं पत्र आलं. मुलगा २१ वर्षांचा, कम्युनिटी कॉलेजात आहे आणि पुढे सॅन डिएगो स्टेटला जाणार. मुलगी १७ वर्षांची, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. तिने यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, अर्ज केलाय, शिवाय टेक्सासच्या ऑस्टिनमधल्या सरकारी विद्यापीठालाही. कुणी सांगतं राज्य फी माफ करतं, कुणी सांगतं व्हीए दरमहा पैसे देतं, कुणी म्हणतं दोन्हीचे अर्ज आजच टाका. काय करावं?

ताई, आधी एक विनंती. चॅप्टर ३५ म्हणजे व्हीएची मुलांना शिक्षणासाठी दरमहा पैसे देणारी योजना. तिचा अर्ज, म्हणजे फॉर्म २२-५४९०, अजून भरला नसेल तर हे पूर्ण वाचेपर्यंत थांबा. "जागा धरून ठेवायला" म्हणून तो भरून टाकायचा सल्ला बरेच नातेवाईक देतात. तो फॉर्म चुकीचा नाही, पण त्याची वेळ चुकली तर नुकसान होतं. आणि तुमच्या दोन मुलांसाठी दोन वेगळी उत्तरं निघतात.

आता पत्राकडे बघा. त्यावर दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात: एकूण रेटिंग किती, आणि अपंगत्व पूर्ण व कायमचं मानलंय का. कॅलिफोर्नियाच्या फी माफीला पूर्ण अपंगत्व, म्हणजे १०० टक्के, लागतं. नोकरी करता येत नाही म्हणून १०० टक्क्यांच्या दराने पैसे मिळत असतील तर तेही चालतं. फेडरल चॅप्टर ३५ ला मात्र 'कायमचं' हा शब्द हवाच. नुसतं १०० टक्क्यांचं पत्र घेऊन चॅप्टर ३५ मागायला गेलेले लोक इथेच अडकतात. तुमच्याकडे दोन्ही आहे, म्हणून दोन्ही दारं उघडी आहेत. जुन्या निर्णयाची प्रत पुरत नाही. व्हीएच्या संकेतस्थळावरून चालू वर्षाचं लाभपत्र काढून घ्या. त्यात हे दोन्ही मुद्दे थेट लिहिलेले असतात.

कॅलिफोर्नियाच्या योजनेला कॅलव्हेट कॉलेज फी वेव्हर म्हणतात. कॅलव्हेट म्हणजे राज्याचा माजी सैनिक विभाग. कम्युनिटी कॉलेज, कॅल स्टेट (सॅन डिएगो स्टेट यातलंच) आणि यूसी या तिन्ही सरकारी व्यवस्थांमध्ये फी माफी चालते. माफ होते ती व्यवस्थेची ठरलेली मूळ फी. त्या त्या कॅम्पसची वेगळी फी, पुस्तकं, पार्किंग, वसतिगृह आणि जेवण तुमच्याच खिशातून जातं. यूसीत राहण्याजेवण्याचा खर्च फीपेक्षा मोठा असतो, तेव्हा 'फी माफ' म्हणजे 'शिक्षण फुकट' असं मुलीला सांगू नका. व्यावसायिक पदव्यांची वरची फी आणि राज्याच्या पैशाविना नुसत्या फीवर चालणारे अभ्यासक्रमही यात येत नाहीत.

या योजनेचे चार भाग आहेत. सी भाग नॅशनल गार्डच्या कुटुंबांसाठी आहे आणि डी भाग मेडल ऑफ ऑनर हा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळालेल्यांसाठी व त्यांच्या मुलांसाठी. ते बाजूला ठेवा. तुमच्या कामाचे ए आणि बी.

प्लॅन ए: ज्या सैनिकाला सेवेमुळे पूर्ण अपंगत्व आलं, किंवा ज्याचा मृत्यू सेवेमुळे झाला असं व्हीएने ठरवलं, त्याची मुलं. वय १४ च्या वर आणि २७ च्या आत, आणि अविवाहित. मूल स्वतः सैन्यात जाऊन आलं असेल तर वयाची मर्यादा ३० पर्यंत जाते. उत्पन्नाची अट नाही. पत्नीला किंवा पतीलाही मिळतं आणि तिथे वयाची अट नाही, पण विधवा किंवा विधुर असाल तर पुनर्विवाह झालेला नसावा. सैनिकाने युद्धकाळात किमान एक दिवस सक्रिय सेवा केलेली असावी लागते. फेडरल व्याख्येत आखाती युद्धाचा काळ २ ऑगस्ट १९९० ला सुरू झाला आणि तो अजून बंद झालेला नाही, त्यामुळे तुमच्या यजमानांच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. 'अविवाहित' ही अट मात्र लक्षात ठेवा. तिसऱ्या वर्षाला असताना मुलांनी कोर्टात जाऊन लग्न केलं आणि पुढच्या वर्षी माफी नाकारली गेली, असं घडतं.

प्लॅन ए ची खरी मेख पुढे आहे. ही माफी आणि चॅप्टर ३५ एकाच वेळी घेता येत नाहीत. प्लॅन ए घेताना विद्यार्थ्याला 'मी राज्याचा लाभ निवडतो' असं लिहून द्यावं लागतं.

प्लॅन बी: सेवेमुळे अपंगत्व आलेल्या सैनिकाची मुलं, टक्केवारी कितीही असो. शून्य टक्के रेटिंग, पण 'सेवेमुळे' असा शिक्का, एवढंही पुरतं. वयाची अट नाही, युद्धकाळाची नाही, आणि चॅप्टर ३५ सोबत घ्यायलाही आडकाठी नाही. अट एकच: मुलाचं आधीच्या कॅलेंडर वर्षातलं उत्पन्न आणि आईवडिलांनी दिलेल्या आधाराची किंमत मिळून ठरलेल्या मर्यादेच्या आत हवी. ही मर्यादा दर वर्षी नव्याने जाहीर होते. जीवनसाथीला हा भाग लागू नाही, तो फक्त मुलांसाठी आहे.

१०० टक्क्यांच्या घरातली मुलंही प्लॅन बी मागू शकतात, हे पुष्कळांच्या डोक्यात येत नाही. ए म्हणजे वरचा वर्ग आणि बी म्हणजे खालचा, असा समज असतो. प्रत्यक्षात उत्पन्न बसत असेल तर बी जास्त फायद्याचा, कारण त्यासोबत व्हीएचे पैसेही घेता येतात. याचा दुसरा अर्थ असा की यजमानांचं रेटिंग ७० टक्के होतं तेव्हाही तुमचा मुलगा बी साठी अर्ज करू शकला असता. गेलेल्या शैक्षणिक वर्षांची फी आता परत मिळत नाही, म्हणून तो विषय सोडा. पण तुमच्या ओळखीत १० किंवा ३० टक्के रेटिंग असलेलं कुणी असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

आधाराच्या किमतीचा रकाना कोरा ठेवू नका आणि तिथे डोळे झाकून शून्यही टाकू नका. मूल घरात राहून जेवत असेल तर काय धरायचं, हे कौंटीच्या वेटरन्स सर्व्हिस ऑफिसमधल्या प्रतिनिधीला समोर बसूनच विचारा. अंदाजाने भरलेला रकाना पुढच्या वर्षीच्या अर्जात वेगळा दिसला की चौकशी लागते.

आता फेडरल बाजू. चॅप्टर ३५ मध्ये पात्र मुलाला ३६ महिने मिळतात (ज्यांनी १ ऑगस्ट २०१८ च्या आधी सुरुवात केली त्यांना ४५ होते). पूर्णवेळ शिकणाऱ्याला सध्या महिन्याला साडेपंधराशे डॉलरच्या आसपास. हे पैसे कॉलेजला जात नाहीत, थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात, त्यावर कर नाही आणि ते कशावर खर्च करायचे याचं बंधन नाही. नऊ महिन्यांचं वर्ष धरलं तर वर्षाला साधारण १४ हजार. नऊ गुणिले चार म्हणजे ३६, म्हणजे एक पदवी नीट पार पडते, वर काही उरत नाही.

तुमच्या यजमानांचा कायमच्या अपंगत्वाचा निर्णय १ ऑगस्ट २०२३ नंतरचा आहे. त्यामुळे तुमच्या दोन्ही मुलांना हे महिने अमुक वयाच्या आत वापरण्याचं बंधन नाही. जुन्या नियमात ते २६ व्या वर्षाच्या आसपास संपायचे. हा बदल फार महत्त्वाचा आहे, कारण आता चॅप्टर ३५ साठवून ठेवता येतं. एमएससाठी, नर्सिंगच्या पुढच्या पदवीसाठी, कायद्याच्या शिक्षणासाठी.

आणि आता ती गोष्ट जी बहुतेक सल्लागार सांगायला विसरतात. यजमानांना व्हीएकडून मिळणाऱ्या मासिक रकमेत मुलांसाठी थोडी भर असते. मूल १८ वर्षांचं झालं की ती भर आपोआप बंद होते. ते शिकत असेल तर फॉर्म २१-६७४ भरून ती २३ व्या वर्षापर्यंत चालू ठेवता येते. १०० टक्के रेटिंगला अशा शिकणाऱ्या दर मुलामागे ही रक्कम महिन्याला साडेतीनशे डॉलरच्या आसपास आहे. मुलाने चॅप्टर ३५ चे पैसे घ्यायला सुरुवात केली की शिक्षणाच्या कारणाने मिळणारी ही भर त्या मुलासाठी बंद होते, आणि कायमची. पुढे त्याने चॅप्टर ३५ थांबवलं तरी ती परत सुरू होत नाही. उलट क्रम चालतो: आधी ही भर घेतली आणि नंतरच्या काळासाठी चॅप्टर ३५ घेतलं, तर काही अडत नाही. सुरुवातीला थांबायला सांगितलं ते यासाठी.

याची दुसरी बाजूही त्रासाची आहे. चॅप्टर ३५ सुरू झालं आणि भर बंद करायला व्हीएला चार-सहा महिने लागले, तर तेवढे पैसे 'जास्तीचे दिले' म्हणून यजमानांच्या रकमेतून कापले जातात. पत्र येतं तेव्हा घरात धावपळ होते. म्हणून चॅप्टर ३५ सुरू होताच ती भर बंद करायला आपणच कळवा, आणि बंद होईपर्यंत येणारे जास्तीचे पैसे वेगळे ठेवा.

राज्याची फी माफी या भरीला हात लावत नाही. मुलगी प्लॅन ए वर शिकत असेल तर फीही माफ आणि महिन्याची भरही चालू.

आता आकडे मांडू या. मुलगी यूसीत गेली तर माफ होणारी फी वर्षाला साधारण १५ हजार डॉलर. भर चालू राहिली तर वर्षाला आणखी चार हजारांच्या आसपास. म्हणजे प्लॅन ए ची बाजू १८ हजारांच्या पुढे जाते. समोर चॅप्टर ३५ चे १४ हजार, भर नाही, फी भरायची. पारडं उघडच प्लॅन ए कडे झुकतं, आणि वर ३६ महिने शिल्लक राहतात. मुलीसाठी उत्तर: यूसी, प्लॅन ए, २१-६७४, आणि चॅप्टर ३५ ला हात लावायचा नाही. पुढे ती मास्टर्सला गेली की ते काढायचं, तेव्हा ती २२-२३ ची असेल आणि भर तशीही संपत आलेली असेल.

मुलाचं गणित उलटं. कम्युनिटी कॉलेजात फी युनिटला ४६ डॉलर. ३० युनिट घेतले तरी वर्षाला १,३८०. एवढ्या माफीसाठी १४ हजारांवर पाणी सोडण्यात अर्थ नाही. सॅन डिएगो स्टेटला गेल्यावरही तेच. कॅल स्टेटची मूळ फी २०२५-२६ साठी ६,४५० आहे आणि २०२६-२७ साठी ६,८३८ ठरलेली आहे. प्लॅन ए ने ती वाचते, पण चॅप्टर ३५ दुप्पट देतं. त्याची महिन्याची भर दोन वर्षांत संपणारच आहे. तीन वर्षं अजून शिकायचं आणि मग नोकरी, असा त्याचा बेत असेल तर चॅप्टर ३५ आत्ता घ्या. सोबत त्याचं गेल्या वर्षीचं उत्पन्न बघा. मर्यादेत बसत असेल तर प्लॅन बी चा अर्ज करा, मग फीही माफ आणि महिन्याचे पैसेही. कम्युनिटी कॉलेजात कमी उत्पन्नवाल्यांसाठी कॉलेज प्रॉमिस ग्रँट आहे, ती फी वेगळीच माफ करते. बी नाही मिळाला तर ते बघा.

त्यालाही पुढे मास्टर्स करायचं असेल तर गणित पुन्हा मांडावं लागेल. आज वर्षाला काही हजार जास्त घ्यायचे की ३६ महिने महागड्या शिक्षणासाठी राखायचे, हा निर्णय त्याचा आहे. माझं मत विचाराल तर मास्टर्सचा बेत नक्की नसेल तर हातचं सोडू नये.

या सगळ्याच्या आधी फाफ्सा, म्हणजे शिक्षणासाठी सरकारी मदतीचा फेडरल अर्ज, भरा, दोन्ही मुलांचा. कॅल ग्रँट या कॅलिफोर्नियाच्या अनुदानासाठीची नेहमीची तारीख २ मार्च आहे. "आमची फी माफच होणार, फाफ्सा कशाला" हा विचार घातक आहे. कॅल ग्रँट कॅल स्टेट आणि यूसीची मूळ फी भरते. ती मिळत असेल तर प्लॅन ए ने नवं काही हाती लागत नाही, कारण एकच फी दोनदा माफ होत नाही. तेव्हा प्लॅन ए घेऊन चॅप्टर ३५ बंद करणं म्हणजे निव्वळ तोटा. व्हीएचं अपंगत्वाचं मासिक मानधन आणि व्हीएचे शिक्षणाचे पैसे फाफ्सात उत्पन्न म्हणून धरले जात नाहीत, त्यामुळे १०० टक्के रेटिंग असलेल्या घरात एकच पगार असेल तर कॅल ग्रँट मिळण्याची शक्यता लोकांना वाटते त्याहून जास्त असते. कॉलेजकडून मदतीचं पत्र येऊ द्या, त्यात कॅल ग्रँट किती हे बघा, मगच ए आणि ३५ मधली निवड करा. मुलीच्या बाबतीतही हेच. कॅल ग्रँटने तिची फी भरली गेली तर वरचं गणित पालटतं.

आता ऑस्टिन. इथे टेक्सासचा हेझलवूड कायदा मध्ये येतो आणि तुमच्या यजमानांच्या ह्यूस्टनमधल्या भरतीमुळे मोह होणं साहजिक आहे. हेझलवूडमध्ये १५० क्रेडिट अवरपर्यंत (अभ्यासक्रमाच्या मोजणीचे तास) सरकारी कॉलेजची शिकवणीची फी आणि बरीचशी इतर फी माफ होते. सैनिक भरतीच्या वेळी टेक्सासचा रहिवासी असावा, किंवा त्याने टेक्सास हे मूळ ठिकाण नोंदवलेलं असावं, किंवा तो टेक्सासमधून सैन्यात शिरलेला असावा. ही अट तुमच्याकडे पुरी होते. सेवेमुळे पूर्ण अपंग झालेल्या किंवा मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या प्रत्येक मुलाला आणि जीवनसाथीला आपापले स्वतंत्र १५० तास मिळतात. लोक याची गल्लत 'लेगसी'शी करतात. लेगसीमध्ये सैनिक आपले स्वतःचे न वापरलेले तास मुलाला देतो, एका वेळी एकाच मुलाला, आणि त्या मुलाचं वय सत्राच्या पहिल्या दिवशी २५ किंवा त्याहून कमी लागतं. तुमचा रस्ता लेगसीचा नाही.

पण मूलही आज टेक्सासचं रहिवासी असावं लागतं, आणि तुमची मुलगी कॅलिफोर्नियाची. कॉलेजसाठी ऑस्टिनला खोली घेऊन राहिल्याने ती रहिवासी ठरत नाही. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याचा रहिवास आईवडिलांच्या पत्त्यावरून ठरतो. म्हणजे हेझलवूड नाही.

तरीही ऑस्टिनचं दार पूर्ण बंद नाही. १ ऑगस्ट २०२२ पासूनच्या सत्रांसाठी फेडरल कायद्याने चॅप्टर ३५ वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या राज्यात राहत असतील तर सरकारी कॉलेजात राज्यातल्याच दराने फी लावणं बंधनकारक केलंय. त्याआधी ही सवलत चॅप्टर ३५ वाल्यांना नव्हती, आणि जुनी माहिती अजून फिरते. बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याची ऑस्टिनची फी आतल्यापेक्षा तिपटीहून जास्त आहे, त्यामुळे ही सवलत मोठी ठरते. म्हणजे तिने ऑस्टिन निवडलं तर चॅप्टर ३५ घ्यावंच लागेल, राज्यातल्या दराची फी त्या पैशातून जवळजवळ भागेल, पण महिन्याची भर जाईल आणि साठवणही संपेल. प्रवेशाचं पत्र आल्यावर कॉलेजच्या वेटरन्स ऑफिसला थेट लिहा आणि दराचा हा नियम कोणत्या कागदावर लागू करतात ते विचारा. बिल आधी बाहेरच्या दराने येतं आणि मग दुरुस्त होतं, असं बरेचदा होतं.

उद्या कुटुंबच टेक्सासला हललं आणि वर्षभराने रहिवास सिद्ध झाला, तर मात्र तिथली व्यवस्था कॅलिफोर्नियापेक्षा उदार आहे. हेझलवूडसोबत चॅप्टर ३५ चालतं, कारण टेक्सास फक्त फीसाठीच दिलेल्या फेडरल पैशांची वजाबाकी करतं. तास जपून वापरावे लागतात. कॉलेज सत्रात विद्यार्थी मोजतं त्या ठरलेल्या तारखेनंतर विषय सोडला तरी ते तास गेले. नोंदणी टेक्सास व्हेटरन्स कमिशनच्या ऑनलाइन यादीत होते आणि अर्ज कॉलेजकडे करायचा असतो.

इतर राज्यांचं थोडक्यात, कारण नातेवाईक एका राज्याचा नियम दुसऱ्याला सांगतात. विस्कॉन्सिनला ३० टक्के रेटिंग पुरतं, आणि १२८ क्रेडिट किंवा आठ सत्रांपर्यंत फी माफ होते. व्हर्जिनियात कायमचं ९० टक्के लागतं, मूल १६ ते २९ वयाचं, आठ सत्रं. इंडियानात सैनिक १ जुलै २०११ च्या आधी भरती झाला असेल तर पूर्ण माफी, नंतर झाला असेल तर रेटिंगमध्ये २० मिळवून जेवढे टक्के होतील तेवढीच, म्हणजे ४० टक्के रेटिंगला ६० टक्के फी माफ. मिशिगन माफी देत नाही, वर्षाला २,८०० डॉलरपर्यंत रक्कम देतं. हे नियम दगडावरची रेघ नाहीत. व्हर्जिनियाने २०२४ च्या अर्थसंकल्पात अटी कडक केल्या, कुटुंबं आणि सैनिक संघटना उठल्या, आणि त्याच उन्हाळ्यात विधिमंडळाला ते मागे घ्यावं लागलं. म्हणून दर वर्षी त्या वर्षीचा नियम बघायचा.

सैनिक सेवेत मृत्युमुखी पडलेला असेल तर वेगळा विचार लागतो. ११ सप्टेंबर २००१ किंवा त्यानंतर कर्तव्यावर मृत्यू झाला असेल तर फ्राय स्कॉलरशिप आहे. ३६ महिने, सरकारी कॉलेजची राज्यातल्या दराने पूर्ण फी, वर घरभाड्याचा भत्ता आणि पुस्तकांसाठी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत. फ्राय की चॅप्टर ३५ ही निवड बहुतेकांना एकदाच करता येते आणि नंतर बदलता येत नाही. बहुतेक वेळा फ्राय जड भरतं. फ्रायने फी भरली जात असताना राज्याची माफी घेण्यात फारसं हशील नाही. फ्रायचे महिने संपल्यावर ती कामाला येते.

आता अर्जाची प्रत्यक्ष वाट. कॅलव्हेटचा अर्ज कौंटीच्या वेटरन्स सर्व्हिस ऑफिसमार्फत करणं सर्वांत सोयीचं, कारण रेटिंगची भाषा तिथल्या लोकांना रोज हाताळायची असते. सोबत न्यायचं: व्हीएचं चालू वर्षाचं लाभपत्र, यजमानांचा डीडी-२१४ (सेवेतून बाहेर पडल्याचा दाखला), मुलाचा आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला, मुलाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक, आणि प्लॅन बी साठी मुलाचं आधीच्या वर्षाचं करविवरण. मूल सावत्र असेल तर विवाहाचा दाखलाही. मंजुरीचं पत्र विद्यार्थ्याच्या नावाने येतं, आणि ते कॉलेजच्या वेटरन्स ऑफिसला नेऊन द्यायचं काम विद्यार्थ्याचंच. कॅलव्हेट आणि कॉलेज आपसात बोलून घेतील या भरवशावर पत्र टेबलावर पडून राहतं, आणि ऑगस्टमध्ये फी न भरल्याबद्दल मुलाचे विषय रद्द होतात. पत्र यायला उशीर होत असेल तर कॉलेजच्या फी विभागाला अर्जाची पोच दाखवून मुदत मागा. ती तोंडी मागू नका, ईमेलने मागा.

माफी एका शैक्षणिक वर्षाची असते. दर वर्षी नवा अर्ज, नवं लाभपत्र. पहिल्या वर्षी सगळं बिनचूक करून दुसऱ्या वर्षी विसरणारे पुष्कळ असतात.

चॅप्टर ३५ चं चक्र वेगळं. २२-५४९० मंजूर झाला की पात्रतेचं पत्र येतं, ते कॉलेजच्या प्रमाणन अधिकाऱ्याला द्यायचं, तो नोंदणी व्हीएला कळवतो, आणि पैसे महिना संपल्यावर येतात. सप्टेंबरचे पैसे ऑक्टोबरमध्ये. फी मात्र ऑगस्टमध्ये भरायची असते, म्हणून पहिल्या सत्राची तजवीज वेगळी ठेवा. मध्येच विषय सोडला तर दर कमी होतो आणि आधी दिलेले पैसे परत मागितले जातात.

रहिवासाची एक खाचखळगी नौदलाच्या घरात हमखास असते. नोकरीत असताना टेक्सास हेच मूळ ठिकाण ठेवून कॅलिफोर्नियाचा कर टाळलेला असतो, गाडीवर टेक्सासची पाटी असते, मतदानही तिकडचं. निवृत्तीनंतर वर्षं गेली, पण कागद बदललेले नाहीत, आणि कॉलेज मुलीला कॅलिफोर्नियाची मानायला तयार नाही. प्लॅन ए ला कॅलिफोर्नियाचा रहिवास लागतो. तुमच्याकडे कॅलिफोर्नियाचा परवाना, फॉर्म ५४० चं राज्य करविवरण आणि मतदार नोंदणी असेल आणि त्याला वर्षापेक्षा जास्त काळ झाला असेल तर निश्चिंत राहा. नसेल तर आजच सुरुवात करा.

मराठी घरांमध्ये जन्मदाखल्यावर आणखी एक अडचण येते. मूल भारतात जन्मलेलं असेल तर दाखल्यावर कधी नुसतं नाव, कधी नाव-वडिलांचं नाव-आडनाव, आणि इथल्या कागदांवर मधलं नाव गायब. डीडी-२१४ वर यजमानांचं नाव एका स्पेलिंगने, दाखल्यावर दुसऱ्या. ग्रामपंचायतीचा दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. नावातला फरक असेल तर 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं शपथपत्र आधीच नोटरीकडून करून ठेवा. अर्ज परत आल्यावर ते करायला बसलात तर दोन-तीन आठवडे हातचे जातात.

भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्या वडिलांच्या सेवेवर अमेरिकेतली ही कोणतीच योजना मिळत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण हा प्रश्न वारंवार येतो. त्यांच्या मुलांसाठीच्या सवलती भारतात आहेत आणि त्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची.

कौंटीच्या ऑफिसात हे सगळं काम फुकट होतं. "आम्ही तुमची फी माफ करून देतो, पाचशे डॉलर द्या" असं सांगणारा भेटला तर त्याला वाटेला लावा. ऑफिसात वेळ मिळायला उन्हाळ्यात महिना लागू शकतो, म्हणून मुलीचा यूसीचा निकाल येताच, मे उजाडायच्या आधी, दोन्ही मुलांच्या नावाने एकच वेळ मागून घ्या.